आम्हाला दालन नको, संध्याकाळपुरती एक खोली द्या : संगणक परिषदेच्या संयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
संयोजन समिती,
येत्या हिवाळ्यात सांगलीत होणारी संगणक परिषद

सप्रेम नमस्कार.

परिषदेची कार्यक्रमपत्रिका वाचली. कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर सुरक्षा, शेतातले सेन्सर, ऊसतोडणीचं नियोजन असे सगळे विषय जिल्ह्याच्या उपयोगाचे आहेत. त्यातलं काहीही कमी करा, असं मला म्हणायचं नाही. पहिल्या दिवसाची सत्रं साडेपाचला संपतात आणि जेवण साडेआठला आहे. मधल्या तीन तासांसाठी तुमच्या महाविद्यालयातली एक खोली मागायची आहे. जिल्ह्यात ज्यांच्याकडे जुने संगणक आहेत ते आपापली यंत्रं घेऊन तिथे येतील, सुरू करतील, एकमेकांची बघतील, अडलेलं विचारतील आणि आवरून परत जातील. कार्यक्रम एवढाच.

एवढ्याशा मागणीसाठी खुलं पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमच्यापैकी दोघांशी फोनवर बोलणं झालं होतं. दोघांनीही आपुलकीनं ऐकून घेतलं आणि दोघांनीही एकच सूचना केली: मुख्य सभागृहाच्या दाराशी संगणकाच्या इतिहासाचं दालन उभं करू, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापू, मालकांचा सत्कार करू. या आपुलकीबद्दल मनापासून आभार. पण तसं करू नका. त्यामागची कारणं जुने संगणक सांभाळणाऱ्या सगळ्यांसमोर मांडावीत असं वाटलं, कारण खोली मिळाली तर यंत्र उचलून यायचं आहे ते त्यांनाच.

असं दालन आम्ही एकदा केलेलं आहे. दुसऱ्या एका शहरात, एका महाविद्यालयाच्या तांत्रिक महोत्सवात. टेबलांवर पांढरं कापड, प्रत्येक यंत्रापुढे छापील कार्ड आणि सगळ्यांच्या पुढे दोरी. जवळपास विजेचा पॉइंटच नव्हता, त्यामुळे एकही यंत्र सुरू झालं नाही. लोक येत होते, मोबाइलवर फोटो काढत होते, पुढे जात होते. दुपारी एक बाई आल्या. बँकेत नोकरीला असताना त्यांनी अशाच यंत्रावर कित्येक वर्षं लेजर पोस्टिंग, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करायचं काम, केलं होतं. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला तसं तिथल्या स्वयंसेवकानं त्यांना थांबवलं. पोराचा दोष नव्हता, त्याला तसंच सांगून ठेवलं होतं. पण दिवसभरात त्या यंत्राविषयी खरोखर काही सांगू शकणारं ते एकच माणूस होतं आणि आम्ही त्यांना दोरीच्या पलीकडे उभं केलं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे.

मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या कारागिराकडे जुना तंबोरा आला की तो आधी तारा लावून छेडून बघतो, जवारी कुठे बसली आहे ते कानानं ऐकतो आणि मगच त्या वाद्याबद्दल बोलतो. जुन्या संगणकाशीही तसंच वागावं लागतं. तो चालू व्हावा लागतो, आणि ज्याला चालवता येतो त्याचा हात त्यावर पडावा लागतो.

डीबी स्पेक्ट्रम प्लसचंच बघा. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा हा संगणक पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे आणला. आत 3.5 मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-80 प्रोसेसर आणि 48 किलोबाइट रॅम. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि डिस्कच्या जागी घरचाच टेपरेकॉर्डर. टेबलावर नुसता ठेवला तर तो एक काळा कीबोर्ड दिसतो, पलीकडे काही नाही. सुरू केला की पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची 1982 सालची ओळ येते. 'जे' दाबलं की 'जे' उमटत नाही, 'लोड' हा आख्खा शब्द उमटतो, कारण बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एकेक आज्ञा एकेका बटणावर बसवलेली आहे. मग दोनदा अवतरणचिन्ह, एंटर, आणि टेपरेकॉर्डरचं प्ले. पडद्याच्या कडेला आधी लाल आणि आकाशी रंगाचे जाड पट्टे सरकत राहतात, मग एकदम निळे-पिवळे बारीक पट्टे धावायला लागतात. निळे-पिवळे आले म्हणजे प्रोग्रॅम आत चालला. मोठा प्रोग्रॅम असेल तर चार-पाच मिनिटं तसंच बसायचं. आवाज थोडा कमी-जास्त झाला किंवा टेपचं हेड किंचित तिरकं असलं तर अगदी शेवटी 'टेप लोडिंग एरर' येतो. मग कुणीतरी बारीक स्क्रूड्रायव्हर काढतं, हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा फिरवतं, शिट्टीसारखा तो आवाज कुठे सगळ्यात तीक्ष्ण लागतो ते कान देऊन ऐकतं आणि टेप पुन्हा मागे घेतं. हे करून दाखवणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. छापील कार्डावर यातलं काय लिहिणार?

तुमच्या विद्यार्थ्यांना यात काय मिळेल, असा प्रश्न फोनवर आला होता. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये आजही 8085 या जुन्या प्रोसेसरचे किट असतात. मुलं त्यावर हेक्स कोड भरतात, दोन संख्यांची बेरीज करतात, जर्नलवर सही घेतात आणि विषय संपतो. त्या 8085 चं आणि स्पेक्ट्रममधल्या झेड-80 चं मूळ एकच, इंटेलचा 8080. झेड-80 बाजारात आला 1976 साली आणि तो बंद करत असल्याचं झिलॉग कंपनीनं जाहीर केलं ते थेट 2024 मध्ये. म्हणजे जर्नलमधल्या त्या बेरजेपासून चालत्या-बोलत्या यंत्रापर्यंत, त्यावरच्या खेळापर्यंत, दुकानाच्या हिशेबापर्यंत वाट कशी जाते, हे मुलांना एका टेबलावर बघायला मिळेल. आख्खं सर्किट एका कागदावर मावतं, आख्खी मेमरी डोक्यात धरता येते. आजच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलाला हा अनुभव दुसरीकडे सहजी मिळत नाही.

आता आपल्या भागात कुणाकडे काय असू शकतं, याबद्दल सविस्तर सांगतो, कारण समितीला अंदाज नसावा. आयबीएमनं 1978 मध्ये भारतातला कारभार आवरला. ती जागा एचसीएल, विप्रो, डीसीएम, ईसीआयएल अशा देशी नावांनी भरली. मग आलं 1984. त्या एका वर्षात पुष्कळ गोष्टी घडल्या. नोव्हेंबरमध्ये नवं संगणक धोरण आलं आणि आयात सोपी झाली. रंगराजन समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि त्यातून पुढे शाखाशाखांत लेजर पोस्टिंग मशीन आली. शाळांसाठी संगणक-साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला गेला आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं इथे त्याची जुळणी केली. 32 किलोबाइटचं ते यंत्र देशातल्या अनेक शाळांमध्ये पोचलं. माझ्या माहितीप्रमाणे त्यातली काही अजूनही शाळांच्या कपाटांत पडून आहेत. कपाटाची किल्ली असलेले शिपाईमामा निवृत्त झाले आणि आत काय आहे ते नव्या सरांना ठाऊक नाही.

सांगली-मिरजेला संगणक आला तो साखर कारखान्यांच्या ईडीपी, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या, विभागातून, बँकांतून, सूतगिरण्यांतून, हळदीच्या अडत दुकानांतून आणि टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीतून. पंधरवड्याची ऊसबिलं निघायची म्हणजे 132 कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रात्रभर चालायचा. रिबन फिकी पडली की कार्बनवरची अक्षरं दिसेनाशी व्हायची, म्हणून रात्रपाळीचा माणूस रिबनला शाई देत बसायचा. डीबेस आणि फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये इथल्याच पोरांनी लिहिलेले प्रोग्रॅम होते: तोलाईचे, हमालीचे, पतपेढीच्या ठेवींचे. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले होते, त्यांच्याकडे श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या फ्लॉपी असायच्या. काहींकडे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड असायचं. ते संगणकात बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं दिसायची, तीही वर्डस्टार या साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये आणि डीबेसमध्ये. असं चालू जिस्ट कार्ड कुणाकडे असेल तर मी स्वतः त्याच्या घरी जाऊन ते उचलून आणायला तयार आहे.

आणि यातलं किती शिल्लक राहिलं असेल, याची काळजी वाटण्याचं खास आपलं कारण आहे. 2005, 2019, 2021: तिन्ही महापुराची वर्षं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. गावभागात, खणभागात, मिरजेत कृष्णाघाटाला तळमजल्यावर जे होतं ते चिखलाखाली गेलं. दुकानांच्या मागच्या खोल्यांत ठेवलेले जुने संगणक, फ्लॉपीचे डबे, मॅन्युअलं, सगळं पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टरनं उचललं गेलं. घर धुवायचं सोडून संगणक वाचवत बसा असं त्या वेळी कोण कुणाला म्हणणार? जे वाचलं ते माळ्यावर होतं म्हणून वाचलं. ते कुणाकडे आहे हे कळायची आज काहीच सोय नाही. विट्याच्या माणसाला जो कीबोर्ड हवा आहे तो तासगावात कुणाच्या तरी पोटमाळ्यावर असेल, आणि दोघांची गाठ कधी पडणार नाही. मला ही खोली मुख्यतः त्या गाठीभेटीसाठी हवी आहे.

अशा भेटी मोठ्या परिषदांमध्ये नेहमी होतात. दिवसभराची सत्रं संपली की समान आवडीचे लोक फलकावर एक कागद लावतात, अमुक वाजता अमुक खोलीत, आणि जमतात. वक्ता नसतो, सूत्रसंचालक नसतो. तिकडे त्याला 'बर्ड्स ऑफ अ फेदर' म्हणतात, आपण कट्टा म्हणू. 5 मार्च 1975 रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या एका गॅरेजमध्ये तीसेक लोक असेच जमले होते. त्यातून होमब्रू कॉम्प्युटर क्लब उभा राहिला. स्टीव्ह वोझनियॅक त्या पहिल्या भेटीला होता; पुढे त्यानं ॲपलचा पहिला संगणक त्याच क्लबच्या मित्रांना दाखवला आणि त्याचं सर्किट हवं त्याला देऊन टाकलं. त्या गॅरेजमध्ये कुणी दीपप्रज्वलन केलं असतं, प्रास्ताविक केलं असतं आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द केली असती, तर ती माणसं दुसऱ्यांदा जमली नसती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आपल्याकडच्या कार्यक्रमांत सगळा वेळ व्यासपीठ खातं. इथे ते नसलं तर तीन तास पुरतात.

आता खोलीबद्दल. वर्ग नको, फिजिक्सची प्रयोगशाळा द्या. तिची टेबलं भक्कम असतात. चौदा इंची जुना मॉनिटर दहा-बारा किलोचा असतो आणि हल्लीच्या घडीच्या टेबलावर दोन ठेवले की टेबल वाकतं. प्रयोगशाळेत टेबलाटेबलाला तीन पिनचे सॉकेट असतात, हे त्याहून महत्त्वाचं. आणि तळमजला हवा, कारण येणाऱ्यांतले बरेचजण साठीच्या पुढचे असतील. मॉनिटर उचलून दोन जिने चढा असं त्यांना सांगणं बरं दिसत नाही.

तीन पिनचं सॉकेट असून भागत नाही, त्याला अर्थिंग खरोखर पोचलेलं असायला हवं. जुन्या पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर थेट कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्र्याच्या कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा ताण येतो. करंट अगदी थोडा असतो, पण हात लावला की मुंग्या येतात, आणि दोन यंत्रं केबलनं जोडताना त्याच ताणानं पोर्ट जळतात. तुमच्या वायरमननं आदल्या दिवशी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून प्रत्येक सॉकेट तपासून दिलं तर निम्मी काळजी मिटली. लोड फार नाही. मॉनिटरसकट एक यंत्र दीडशे-दोनशे वॉट घेतं. पंधरा यंत्रं धरली तर तीन किलोवॉट होतात. दोन वेगळ्या एमसीबीवर विभागून दिले की झालं. फक्त सगळी एकदम सुरू करायची नाहीत. रंगीत मॉनिटर चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, म्हणून एकेक करून सुरू करू.

सुरक्षेचा प्रश्न तुम्ही विचारलात ते योग्यच केलंत. चाळीस वर्षं बंद पडलेलं यंत्र थेट मेन्सला लावायचं नसतं, हे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी कळवणार आहोत. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पिवळट पारदर्शक कवचाला बारीक भेगा पडतात, भेगांतून दमट हवा आत जाते, आणि यंत्र लावल्यावर काही मिनिटांत ते फुटतात. आग क्वचितच लागते, पण खोलीभर घाण वासाचा धूर होतो आणि बघणारे घाबरतात. एक्स-2 जातीचा नवा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. तो बदलल्याशिवाय बीबीसी सुरू करायचा नाही, हा नियम ठेवू. 286 आणि 386 या जुन्या पीसींच्या मदरबोर्डवर निळी बॅटरी असते, ती गळून शेजारचे ट्रॅक खाते; ती घरीच काढून टाकून बोर्ड पांढऱ्या व्हिनेगरनं पुसून आणायचा. पहिल्यांदा सुरू होणाऱ्या यंत्रासाठी एका टेबलावर सिरीज बल्ब (यंत्राच्या वीजवाटेत जोडलेला साधा बल्ब) आणि डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवायचं उपकरण) ठेवू. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. पिक्चर ट्यूबचा मॉनिटर मात्र खोलीत कुणीही उघडणार नाही. रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढे ताण असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ राहतो. त्याची दुरुस्ती टीव्ही मेकॅनिकच्या टेबलावरच व्हावी. तुम्ही दाराशी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक द्या. पावडरचं नको, त्यानं यंत्रं कायमची खराब होतात.

एक टेबल फक्त फ्लॉपीसाठी हवं, आणि माझ्या दृष्टीनं ते सगळ्यात महत्त्वाचं टेबल आहे. सव्वापाच इंची फ्लॉपी वाचणारा यूएसबी ड्राइव्ह बाजारात मिळत नाही. बाजारातले सगळे साडेतीन इंचीसाठी असतात. आमच्याकडे खरा सव्वापाच इंची ड्राइव्ह आहे आणि त्याला ग्रीझवीझल नावाचं छोटं कार्ड जोडलं आहे. ते फाइली वाचत नाही, फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उचलतं, त्यामुळे निम्मी खराब झालेली फ्लॉपीही पुष्कळदा वाचते. पण आधी फ्लॉपी उजेडात धरून, तिच्या कवचाच्या खिडकीतून आतली तबकडी हळूहळू फिरवून बघावी लागते. आपल्या पावसाळ्यानं तिच्यावर पांढरे ठिपके धरलेले असतात. ती बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड माखतं आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडून निघते. ठिपके दिसले की ती बाजूला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसूनच आत. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल हाती लागली की ती आजच्या लिब्रे ऑफिसमध्ये सरळ उघडते. जुन्या मराठी मजकुराला जास्त कष्ट पडतात, कारण प्रत्येक फॉन्टचा कोड वेगळा होता आणि तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. पण फाइल फ्लॉपीवरून निघाली की ते सावकाश करता येतं, फ्लॉपी मात्र दर पावसाळ्याला आणखी बिघडते. ज्यांच्या वडिलांनी गावाचा इतिहास, नाटकाची संहिता, भजनी मंडळाची पदं अशा फ्लॉपीवर ठेवली आणि आता ती उघडत नाहीत, त्यांनी डबाच घेऊन यावं. बँका, पतपेढ्या, दवाखाने यांच्या फ्लॉपी मात्र कुणी आणू नयेत. त्यातली माहिती दुसऱ्याची आहे. आम्ही ती वाचणार नाही.

यानंतरची विनंती तुम्हाला जड जाईल, तरी ती मान्य कराच. या तीन तासांसाठी परिषदेची नोंदणी फी लावू नका. येणाऱ्यांना तुमची सत्रं ऐकायची नाहीत, जेवणही नको आहे. निवृत्त ईडीपी कर्मचारी, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेल्या बाई, टीव्ही मेकॅनिक, डीटीपीवाला, शाळेचे निवृत्त सर यांना गेटवर गळ्यात कार्ड नाही म्हणून अडवलं तर ते वाद घालणार नाहीत, मुकाट्यानं रिक्षा परत फिरवतील. सुरक्षारक्षकाकडे नावांची यादी द्या आणि यादीत नसलेलाही कुणी हातात कीबोर्ड घेऊन आला तर त्याला आत सोडा, असं स्पष्ट सांगून ठेवा. डेटा एंट्रीच्या कामात आपल्याकडे बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांच्याकडे यंत्र असेलच असं नाही, पण ते चालवायचं कसब त्यांच्या बोटांत आहे. त्यांना यंत्राशिवाय येऊ द्या.

विद्यार्थी स्वयंसेवक चार पुरेत. त्यांना पाहुण्यांची सरबराई करायला लावू नका. प्रत्येकाकडे वही द्या. यंत्र कुठलं, कुठे वापरलं, कशासाठी, कोणता प्रोग्रॅम, काय बिघडायचं आणि काय केलं की चालायचं, हे त्यांनी येणाऱ्यांना विचारून लिहून घ्यावं. नाव लिहायचं ते त्या माणसाची हरकत नसेल तरच. कॅलक्युलेटरसुद्धा नवा होता तेव्हा कारखान्याच्या हिशेब विभागात संगणक आल्यावर काय झालं, कोण धास्तावलं, कुणी रात्री थांबून शिकून घेतलं, हे ऐकायला मुलांना नक्की आवडेल. सर्टिफिकेट द्यायचं असेल तर या वहीचं द्या.

खोलीत खरेदी-विक्री होणार नाही. एकदा का किंमत बोलली गेली की माणसं यंत्रं दाखवायची बंद होतात, आणि जुन्या बोर्डावरच्या सोन्यासाठी ते किलोवर घेणारे लोकही अशा ठिकाणी येतात. अदलाबदल करायची असेल तर ज्यांनी त्यांनी बाहेर ठरवावी. चहा आणि भडंग व्हरांड्यात. भडंगाचा तेलकट हात कीबोर्डवर आणि फ्लॉपीवर नको.

येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. हार्ड डिस्क 20 किंवा 40 मेगाबाइटची जुनी एमएफएम जातीची असेल तर बंद करण्याआधी 'पार्क' ही आज्ञा द्यायला विसरू नका. यातल्या बऱ्याच डिस्क आपणहून वाचणारं हेड बाजूला नेत नाहीत, आणि एसटीच्या एका गचक्यात हेड तबकडीवर आपटतं. सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा किंवा वाया गेलेली फ्लॉपी घालून दांडी लावा. मॉनिटरची काच गाडीच्या सीटकडे करा. स्पेक्ट्रमसारखं यंत्र असेल तर जुना टीव्हीही आणा, नव्या एलईडी टीव्हीवर त्याचा चॅनल लागेलच असं नाही. यंत्र चालत नसेल तरी आणा.

समितीला शेवटची एक गोष्ट. तुमच्या महाविद्यालयाच्या स्टोअरमध्ये डेडस्टॉक रजिस्टरवर नोंद असलेली जुनी यंत्रं असणारच. ई-कचऱ्याचे नियम आहेत आणि ते पाळायलाच हवेत, पण निर्लेखनाचा, म्हणजे ती यंत्रं नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव होण्याआधी एकदा त्या खोलीचं कुलूप काढून आम्हाला आत नजर टाकू द्या. एखादं यंत्र हाती लागलंच तर त्या संध्याकाळी ते तुमच्याच नावानं टेबलावर ठेवू आणि कट्टा संपल्यावर रजिस्टरवरच्या त्याच नंबरासह परत जागेवर नेऊन ठेवू.

प्रयोगशाळा कोणती, वायरमन कधी येईल आणि गेटवर यादी कुणाकडे द्यायची, एवढं परिषदेच्या महिनाभर आधी कळवा, म्हणजे जत आणि विट्याच्या लोकांना गाडीची सोय करता येईल. संध्याकाळी साडेआठला सगळी सॉकेट बंद करून, टेबलं पुसून, किल्ली लॅब असिस्टंटच्या हातात देईपर्यंत आमच्यातले दोघं तिथे थांबतील.

आपला,
जुना संगणक सांभाळणारा एक सांगलीकर
विश्रामबाग, सांगली